रामटेके सिस्टर आणि हिरवी दारू

रामटेके सिस्टरना चहा द्यायचा म्हणजे कप घेऊन त्यांच्या मागे फिरावं लागे. एक घोट ओट्यापाशी, दुसरा खिडकीत, तिसरा अंगणात. आणि उरलेला चहा कुठल्या तरी कोनाड्यात थंड होऊन पडलेला मला संध्याकाळी सापडे. "बसा ना जी, सिस्टर," माझी सासू म्हणायची. "बसली तं उठणं होत नाही, बाई," असं म्हणेपर्यंत सासूच्या पायाची सूज अंगठ्यानं दाबून पाहून त्या दारापर्यंत पोचलेल्या असायच्या.

भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळला आमचं घर त्यांच्या समोर होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्या आरोग्य उपकेंद्राच्या नर्स. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या चाळिशीच्या असतील. उंच, हडकुळ्या, पदर कमरेला खोचलेला, केसांत पिनांची गर्दी. नवरा पोस्टात होता. तो अचानक गेला तेव्हा एकुलता एक मुलगा सुगत शाळेत होता. त्यानंतर सिस्टर आणखीच भरभर चालायला लागल्या, असं गल्लीतल्या बाया सांगत. स्कूटी होती, पण पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधून ती जात नसे. मग स्कूटी कुणाच्या तरी अंगणात ठेवून त्या धुऱ्या-धुऱ्यानं, बांधांवरून, पायी निघत. लस द्यायच्या दिवशी आयांना लेकरं लपवायला वेळच मिळू नये, इतक्या लवकर पोचत.

त्यांना प्रत्येक गोष्टीचा वास घ्यायची सवय होती. भाजीचा, पाण्याच्या माठाचा, बाळाच्या दुपट्याचा. खोकल्याचं औषध आधी हुंगून पाहत, आणि त्यात दारूचा अंश आहे असं वाटलं तर स्वतः कधी घेत नसत. "मी अशीच खोकतो, मले काही होत नाही," म्हणत. आमच्या घरामागे बुद्धविहार आहे. पौर्णिमेला तिथं पंचशील म्हणत तेव्हा दारू आणि नशेपासून दूर राहण्याच्या पाचव्या शीलाला सिस्टरांचा आवाज बाकीच्यांच्या वर चढे, आणि माझी सासू स्वयंपाकघरातून म्हणे, "आली रामटेके बाई पाचव्यावर." त्यांचे वडील मोहाची दारू पिऊन पिऊन रक्त ओकून गेले होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही रस्त्यानं चालताना, माझ्याकडे न पाहता.

आमच्याकडे मोहाच्या दारूबद्दल लोक काय काय सांगतात. बाळंतिणीला पाजली की अंगात गरमी येते, साप चावला तर विष उतरतं, लेकराच्या छातीला चोळली की सर्दी जाते. सिस्टर यावर भाषण देत नसत. जंगलाकडच्या एका टोलीवर, लहानशा वस्तीत, एक सासू बाळंतिणीसाठी वाटी भरून बसली होती, तर सिस्टरनी वाटी उचलून तिच्याच पुढे केली. "आजी, तुम्हीच घ्या. ताकद तं तुम्हाले पाहिजे, रात्रभर तुम्हीच जागल्या." म्हातारीनं लाजत लाजत खरंच घेतली आणि दुपारपर्यंत झोपली. तेवढ्या वेळात सिस्टरनी बाळंतिणीला भात, वरण, अंडं असं सगळं नीट खाऊ घातलं. ही गोष्ट त्या स्वतः सांगत आणि सांगताना हसत. "पाहिल्याशिवाय नाही बोलायचं" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कुणाचा ताप असो की कुणाच्या सुनेची बदनामी, सिस्टर आधी जाऊन पाहत.

इंदूबाईच्या पोरीचं प्रकरण मात्र हसण्याचं नव्हतं. इंदूबाई धान रोवायला जाणारी मजूर बाई. तिची मंजू बारावीत असताना एकाएकी बोलायची बंद झाली. मग भिंतीकडे तोंड करून कुणाशी तरी भांडायला लागली. लोक म्हणाले, तळ्याच्या पाळीवरचं धरलं. मामानं मांत्रिक आणला. त्यानं पोरीला मिरचीचा धूर दिला तेव्हा सिस्टर शेजारच्या घरी वजनकाटा घेऊन आल्या होत्या. धुराच्या वासानंच त्या तिथं पोचल्या. मामा आडवा आला. "तुम्ही लस द्याचं काम करा, बाई. हे तुमचं काम नाही."

"देव-भूत मंग पाहू," सिस्टर म्हणाल्या. "आधी डॉक्टर पाहील. डॉक्टरले नाही समजलं तं तुमच्या बाबाले मीच बोलावून आणतो, गाडीभाडं देऊन."

आणि पोरीला आणि इंदूबाईला जीपमध्ये घालून त्या भंडाऱ्याला घेऊन गेल्या. मंजूला पुढे वर्षभर गोळ्या चालल्या. ती बरी झाली, सानगडीला तिचं लग्न झालं. गावात कुणी पोरीबद्दल कुजबुजलं की सिस्टर भर चौकात सांगत, "आजार होता. पोटाचा रायते तसा डोस्क्याचा."

हे सगळं मी पाहिलेलं आहे, म्हणूनच पुढचं पाहताना मला समजेना की माणूस असा कसा वागू शकतो.

सुगत नागपूरला हॉटेलचा कोर्स करून गोव्याला एका मोठ्या हॉटेलात लागला. बारच्या काउंटरवर उभा राहून तो रंगीबेरंगी पेयं बनवत असे. पाचवं शील मोठ्यानं म्हणणाऱ्या बाईचा मुलगा दारू विकतो, यावर गावात बरेच विनोद झाले. सिस्टर म्हणत, "तो ओततो. पेत नाही." मुलाचे काळ्या जाकिटातले फोटो त्या मला मोबाइलवर दाखवत. एक फोटो दाखवेपर्यंत दोन खोल्या फिरून होत.

पाच-सहा वर्षांमागे, दिवाळीच्या आधी, हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला की मुलाला घेऊन जा. सिस्टर आणि त्यांचा भाऊ जाऊन घेऊन आले. मी दारातून पाहिलं. सुगत वाळला होता. गाडीतून उतरल्यावर तो बराच वेळ आमच्या घराच्या छताकडे पाहत उभा राहिला. त्याला पंखा चालत नव्हता, कारण पंख्यात लोक त्याच्याबद्दल बोलत. रस्त्यानं कुणी हसत गेलं की तो खिडकी लावून घेई.

त्याच्या बॅगेत एक बाटली निघाली. अर्धी भरलेली, आत हिरवट दारू. तिच्यासोबत जाळी-जाळीचा एक चपटा चमचा. हॉटेलातल्या मित्रानं फोनवर सिस्टरना सांगितलं, "आंटी, ये हरी वाली पीने से हुआ है. इसको पीके आदमी को चीज़ें दिखती हैं." सुगतही म्हणाला, "हो आई, त्याच्यानंच झालं." तिचं नाव ॲब्सिंथ. सिस्टरनी मोबाइलवर शोधलं तर व्हिडिओच व्हिडिओ. परदेशात लोक ती पिऊन वेडे झाले, एकानं घरची माणसं मारली, कलाकारांना तिच्यात हिरवी परी दिसायची, कितीतरी देशांत तिच्यावर बंदी होती. सिस्टर मला हे दाखवायच्या आणि बोट लावून सांगायच्या, "पाहा. पाहा ना, ज्योती. सारं असंच."

आठवड्याभरात गोष्ट गावभर झाली. पानठेल्यावर ती वाढत गेली. कुणी म्हणालं त्या दारूत साप बुडवून ठेवतात, कुणी म्हणालं एक थेंब घोड्याला पाजला तर घोडा नाचतो. पण मला लोकांचं नवल वाटलं नाही. नवल सिस्टरांचं वाटलं. भेटेल त्याला त्या स्वतःच सांगत होत्या. "विष आहे ते. उतरंल. थोडे दिवस लागतात." मुलाला ताक, लिंबूपाणी, बार्लीचं पाणी पाजत होत्या. नोकरी करून घरी येत, पातेल्यात काहीतरी उकळत ठेवत, मुलाच्या खोलीत डोकावत, परत पातेल्याकडे जात. आमच्या खिडकीतून त्यांची सावली सारखी इकडून तिकडे जाताना दिसे. दिवाळी गेली, धान कापणीला आलं, आणि सुगत आता जेवणाच्या ताटाचाही संशय घ्यायला लागला.

मी एकदा धीर करून म्हटलं, "सिस्टर, भंडाऱ्याच्या डॉक्टरांना एकदा दाखवू ना."

"कायले?" त्या उभ्याउभ्या चण्याची भाजी निवडत होत्या. "आजार थोडीच आहे? नशा आहे. आजार आणि नशेत फरक रायते, तू मास्तरीण आहेस, तुले नाही समजायचं."

मग इंदूबाई आली. नव्या धानाचे पोहे पिशवीत घेऊन. मी तिथंच होते. तिनं पिशवी ठेवली, सुगतच्या बंद दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सिस्टर, माझ्या मंजूच्या वक्ताले तुम्ही का म्हटलं होतं?"

सिस्टर पातेल्याकडे वळल्या.

"मामा म्हणे तळ्यावरचं धरलं. मलेही तसंच बरं वाटे जी. भूत असन तं निंगून जाईन. डोस्क्याचा आजार म्हटलं तं पोरीचं पुढं का होईन, असं वाटे."

"तू घरी जाय, इंदू," सिस्टर म्हणाल्या. "तुह्या पोरीची गोष्ट येगळी आहे. माझ्या पोराले दारू लागली." आवाज चढला होता. इंदूबाई गेली. पोह्यांची पिशवी उचलून सिस्टरनी आधी फडताळात ठेवली, मग काढून दुसऱ्या फडताळात ठेवली, मग तिथूनही काढली.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. सुगत आतल्या खोलीत झोपला होता. पलीकडच्या वावरात धान मळायची मशीन चालू होती, तिचा घरघर आवाज घरात भरला होता. सिस्टरनी बाहेरचं दार लावून घेतलं. टेबलावर ती बाटली, एक काचेचा ग्लास, जाळीचा चमचा, साखर, पाण्याचा तांब्या.

"हे काय करून राहिल्या, सिस्टर?"

"घेऊन पाहतो," त्या म्हणाल्या. "तू अथीच बस. मी काही वाकडंतिकडं बोलली, काही दिसते म्हटलं, तं ध्यानात ठेव. मले मंग आठवणार नाही."

"तुम्ही? तुमचं शील..."

"शील माझं आहे. पोरगाही माझाच आहे." मग ग्लास पुसत, "मी आजवर पाहिल्याशिवाय बोलली नाही. यावेळीच बोलत सुटली."

मला उठून जावंसं वाटलं, तरी बसून राहिले. त्यांनी व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे ग्लासात थोडी दारू ओतली, ग्लासावर चमचा आडवा ठेवून साखर ठेवली आणि वरून पाण्याची बारीक धार सोडली. हिरवा रंग बघता बघता पांढुरका झाला, तांदळाच्या धुवणासारखा. सिस्टरनी सवयीनं ग्लास नाकाशी नेला आणि तशाच थांबल्या.

"काय झालं?"

"वास घे."

मी घेतला. बडीशेपेचा वास होता, आणि मागे काहीतरी कडवट, दवण्यासारखं.

"ग्राईप वॉटर," सिस्टर म्हणाल्या. "सुगतले पाजत होती मी, पोट दुखे तं. असाच वास." आणि त्यांनी औषध घेतात तसा ग्लास एका दमात रिकामा केला. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला. मग त्या खुर्चीवर बसल्या.

बसल्या आणि बसून राहिल्या. मी त्यांना इतका वेळ बसलेलं प्रथमच पाहत होते. समोरच्या भिंतीकडे त्यांची नजर लागलेली होती, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी. मशीन घरघरत होती. थोड्या वेळानं त्यांचे कान लाल झाले.

"काही दिसते का?" मी विचारलं.

"तू दिसून राहिली. कॅलेंडर दिसते."

"आवाज?"

"मशीनचा." मग त्यांनी पुन्हा ओतली, यावेळी पाणीही कमीच घातलं. मी हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. दुसऱ्या ग्लासानंतर जीभ जड झाली. त्या उगाच हसल्या, पिना काढून टेबलावर ठेवू लागल्या, वडिलांबद्दल काहीतरी बोलल्या जे मला नीट कळलं नाही. घाम आला होता. पण डोळे भिंतीवरून हलत नव्हते. पापणी लवली तर काहीतरी निसटेल अशा त्या पाहत होत्या.

"काहीतरी दिसाले पाहिजे," त्या म्हणाल्या. "थोडंसं तरी. एखादा आवाज तरी."

मी म्हटलं, "सिस्टर, काही नाही दिसत तेच बरं आहे. नुसती दारू आहे ही."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. तो चेहरा मी विसरू शकत नाही. नशा होती, पण त्या नशेच्या आत त्या पूर्ण शुद्धीवर होत्या.

"बरं काय आहे त्याच्यात?" त्या म्हणाल्या. "दारू असती तं उतरली असती. आता मंग त्याले जे ऐकू येते, ते कुठून येते, ज्योती?"

आतल्या खोलीचं दार उघडलं. सुगत उभा होता. तो किती वेळचा जागा होता, कोण जाणे. त्यानं बाटली पाहिली, आईचे सुटलेले केस पाहिले. घाबरला असावा, कारण त्यानं दाराची चौकट घट्ट धरली.

"आई, तू कायले पेली?"

"तुले काय दिसते ते पाहाले."

त्यानं चौकट सोडली. मग खाली बघत म्हणाला, "मी ती एकदाच चाखली होती. एक गोरा पाहुणा जाताना उरलेली देऊन गेला. मले आवडलीही नाही. आवाज त्याच्या पहिलेपासून आहेत, आई. नागपूरले कोर्सले होतो ना, तवापासून. कमी रायत. मंग वाढले."

"आधी काहून नाही सांगितलं?"

"सगळे म्हणाले हिच्यानंच होते. मलेही वाटलं, हिच्यानंच झालं असंल तं बेस आहे. दारू सोडली का हे जाईन." त्यानं बाटलीकडे बोट केलं. "म्हून तं बाटली घेऊन आलो सोबत. फेकून देल्ली असती तं कोणाचं नाव घेतलं असतं?"

सिस्टर उठायला गेल्या आणि त्यांचा तोल गेला. सुगतनंच पुढे होऊन धरलं. त्यांना मोरीपर्यंत त्यानं नेलं, त्या ओकल्या, तो पाठीवरून हात फिरवत राहिला. मी तांब्या भरून दिला आणि दाराबाहेर येऊन उभी राहिले. आतून सिस्टरांचा आवाज येत होता, रडण्याचा नव्हे. त्या अडखळत, शब्द जोडत, त्याला विचारत होत्या: आवाज बाईचा की माणसाचा, काय म्हणतात, झोपेत येतात का. उपकेंद्रात पेशंटला विचारतात तसं. आणि तो उत्तरं देत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डोकं दुखत असतानाच रजेचा अर्ज दिला आणि मुलाला घेऊन नागपूरला गेल्या. सोबत मलाही नेलं. डॉक्टर तरुण होते. सिस्टरनी त्यांना सगळं सांगितलं, बाटलीचंही. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, त्या दारूबद्दलच्या गोष्टी बऱ्याचशा गोष्टीच आहेत. तिच्यात एक कडू वनस्पती असते खरी, पण तिचा अंश इतका थोडा की भास व्हायच्या आधी माणूस नुसत्या दारूनंच आडवा होईल. जुन्या काळी जे बिघडले ते बहुतेक अति पिण्यानं, आणि काही भेसळीनं. "मुलाचा आजार वेगळा आहे," ते म्हणाले. "उपचार आहे. पण लांबचा आहे."

"लांबचा म्हंजे?" सिस्टरनी विचारलं.

"काही वर्षं. कदाचित कायम."

सिस्टरनी मान हलवली. परतीच्या बसमध्ये त्या दांडा धरून उभ्या होत्या, बाजूची जागा रिकामी असून.  सुगत खिडकीला डोकं टेकून झोपला होता.

सोपं काही झालं नाही. पहिल्या गोळ्यांनी सुगत दिवसभर झोपे आणि लाळ गळे. दुसऱ्यांनी हात थरथरत. मध्ये एकदा त्यानं गोळ्या उशीखाली लपवल्या आणि आठवडाभरात आवाज परत आले. त्या दिवशी तो तळ्याच्या पाळीवर बसलेला सापडला, सिस्टर आणि आम्ही सगळ्यांनी गाव धुंडाळल्यावर. सिस्टर इंदूबाईच्या घरी जाऊन आल्या. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण त्यानंतर मंजू माहेरी आली की सुगतशी ओट्यावर बसून बोले. गोळीनं तोंड कोरडं पडतं, मग काय करायचं, असलं काहीतरी.

नागपूरहून आल्यावरच्या पहिल्या पौर्णिमेला विहारात पाचव्या शीलाला सिस्टरांचा आवाज आला नाही. सासूनं माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नाही. नंतर कळलं की त्यांनी विहारातल्या भन्तेजींना दारू घेतल्याचं स्वतःच जाऊन सांगितलं होतं. भन्तेजी म्हणाले होते, शील मोडलं तर पुन्हा घ्यायचं असतं. पण सिस्टरनी दोन-तीन पौर्णिमा ओठ मिटूनच काढल्या. मग कधीतरी म्हणू लागल्या, पहिल्याइतक्या मोठ्यानं नाही.

पुढे माझी बदली पवनीला झाली आणि आम्ही अड्याळ सोडलं. सिस्टर निवृत्त झाल्या. फोनवर बोलणं व्हायचं, पण त्यांचं फोनवरचं बोलणंही चालता चालता, मध्येच वारा, मध्येच कोंबड्या, मध्येच "थांब, दूध उतू जाऊन राहिलं."

गेल्या हिवाळ्यात मी एका लग्नासाठी अड्याळवरून चालले होते. बाजाराचा दिवस होता. गर्दीत बस अडकली. खिडकीतून पाहते तर खालीच सिस्टर, कांद्याच्या ढिगापाशी. केस बरेच पांढरे झालेले, पदर तसाच खोचलेला. मी हाक मारणार तोच एक बाई त्यांच्यापाशी येऊन थांबली. चेहरा ओळखीचा, नाव आठवलं नाही.

"का जी सिस्टर," ती बाई म्हणाली, "पोराची ते हिरवी दारू उतरली का?"

सिस्टरनी कांदा हातात धरूनच तिच्याकडे पाहिलं. आजूबाजूला दहा माणसं होती. कांदेवाला ऐकत होता.

"दारू नव्हती बाई ते," सिस्टर म्हणाल्या. "त्याले आजार आहे. डोस्क्याचा. आवाज ऐकू येतात त्याले. गोळ्या चालू आहेत, गोळ्यांनं कमी आहे." आवाज साधाच होता, भाव सांगितल्यासारखा. "तुह्या बीपीची गोळी चालू आहे ना? चेहरा सुजलेला दिसते. येऊन दाखव मले."

ती बाई काहीतरी पुटपुटून पुढे गेली. बस हलली. सिस्टरनी मान वर केली, पण माझ्याकडे नाही. त्या टाचा उंचावून गर्दीत शोधत होत्या. या बाजूला, त्या बाजूला. मग एकदम त्यांची नजर थांबली. मीही तिकडे पाहिलं. सुगत मासळीवाल्या बाईपुढे उकिडवा बसून भाव करत होता. अंगानं भरला होता, गळ्यात मफलर. बाई काहीतरी बोलली आणि तो हसला.

त्यानं वर पाहण्याआधी सिस्टरनी पाठ फिरवली आणि पुन्हा कांदे निवडायला लागल्या.